मागून म्हणणारी

१

ममता दळवीच्या नाकावर राग असे आणि तिला त्याची लाज वाटत नसे. दुबईत अल कुसैसला, शारजाच्या हद्दीजवळच्या एका चार मजली इमारतीत ती, नवरा राहुल आणि चौदा वर्षांची मुलगी मिहिका राहत. राहुल एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. त्याच कंपनीचा मजुरांचा कँप घरापासून पायी वीस मिनिटांवर होता, आणि तिथल्या कोकणातल्या पंचवीस-तीस माणसांची ममता ही फुकटची वाचक होती. शुक्रवारी सकाळी माणसं गावाहून आलेली पत्रं घेऊन यायची. ममता ती वाचून दाखवायची. पण बायकोचं पत्र एकदा ऐकून कुणाचं पोट भरतं? म्हणून ती पत्र कॅसेटमध्ये वाचून भरून द्यायची. मग माणूस बंकवर पडून, टेप कानाशी धरून, ते महिनाभर ऐकत राहायचा. अठ्ठ्याण्णव साल होतं. फोन महाग होता आणि कॅसेट स्वस्त.

जूनमधल्या एका शुक्रवारी भिवा पत्राशिवाय आला. भिवा दापोलीकडचा गवंडी, पन्नाशीचा, अक्षरशत्रू. बराच वेळ तो चपला काढलेल्या जागीच उभा राहिला.

"वैनी, एक इचारू? भाऊ दर शुक्रवारी ग्रंथ वाचतात ना, त्यात लिवलंय का हो, की मालकाकडं जो रजा मागतो त्याचं पुण्य जळतं म्हणून?"

भाऊ म्हणजे गुणवंत परब, कँप बॉस. साठ माणसांच्या झोपण्या-उठण्यावर, जेवणावर आणि पासपोर्टवर त्याचा हुकूम चाले. शुक्रवारी संध्याकाळी मेसमध्ये तो बैठक घ्यायचा. लाल कापडातला ग्रंथ तोच सोडायचा, तोच वाचायचा, तोच बांधायचा. ग्रंथ ऐकायचा असतो, बघायचा नसतो, असा त्याने नियम घालून दिला होता. आणि कुणी बघून तरी काय करणार होतं? दोघंतिघं सोडले तर कुणाला सही येत नव्हती.

ममताकडे तोच ग्रंथ होता, सासूने लग्नात दिलेला. तिने तो काढला, भिवाने सांगितलेला अध्याय पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचला. रजा नव्हती, मालक नव्हता, पुण्य जळणं नव्हतं.

"माज्या आज्याला अख्खा पाठ होता," भिवा म्हणाला. "त्याच्या तोंडून असं कधी ऐकलं नाय. पण भाऊ वाचून सांगतात. मी म्हटलं आज्याच इसरला असंल."

त्या शेवटच्या वाक्याने ममताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुणवंत खोटं वाचतो याचा राग होताच. पण या माणसाने स्वतःच्या आजोबांवर अविश्वास दाखवला आणि त्या लबाडावर नाही, केवळ त्याच्या हातात पुस्तक होतं म्हणून, याचा तिला खरा संताप आला.

"दर आठवड्याला एक अध्याय मी कॅसेटमध्ये वाचते," ती म्हणाली. "लिहिलाय तसा. एका शब्दाचा फरक नाही."

"कॅशेटी मी आणतो. दहाचं पाकीट पंधरा दिरहॅम. म्हंजे पावणेदोनशे रुपये झाले," भिवा म्हणाला आणि मग आवाज खाली आणून पुढे बोलला, "पण भाऊला कळता नये."

२

ती सकाळी अकराला वाचायला बसे. राहुल देराच्या ऑफिसात, मिहिका शाळेत, घर मोकळं. बेडरूमच्या खिडकीतला एसी फार आवाज करायचा, तो बंद करावा लागे. मग खिडकी लावायची, पडदा ओढायचा, दाराच्या फटीत टॉवेल सारायचा. पाच मिनिटांत खोली भट्टी व्हायची. पलंगाच्या कडेला टेप ठेवून, मांडीवर ग्रंथ घेऊन, हनुवटीवरून घाम ठिबकत असताना ती वाचायची. अध्याय एका बाजूत संपे आणि कॅसेटची दुसरी बाजू कोरी राही.

कोरी बाजू तिला बघवेना. तेव्हा ती पोस्टाने एमए करत होती, इतिहास घेऊन, आणि मध्ययुगाच्या अखेरच्या युरोपचा पेपर डोक्यावर होता. त्यासाठी तिने मायदेशी निघालेल्या एका इंग्रज कुटुंबाच्या लीव्हिंग सेलमधून एक जाड पुस्तक आणलं होतं. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात साध्यासुध्या माणसांवर जे धर्मद्रोहाचे खटले चालले, त्यांच्या जबान्या त्यात होत्या. या लोकांचा गुन्हा काय, तर धर्मग्रंथ आपल्या बोलीत वाचणं. ग्रंथ लॅटिनमध्ये, वाचणार पाद्री, बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असा तिथला कायदा. कुणाच्या घरात इंग्रजीतली चार पानं सापडली तर बिशपचे लोक यायचे. माघार घेतली तर शिक्षा, आणि पुन्हा सापडला तर जिवंत जाळायचे. तरी विणकर, सुतार, हातमोजे शिवणारे दार लावून एकत्र बसायचे. एक वाचणारा असायचा. बाकीचे त्याच्या मागून म्हणत म्हणत सगळं पाठ करायचे.

हे तर आपल्या कँपचंच आहे, ममताला वाटलं. तिने ग्रंथ बाजूला ठेवला, ते पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या बाजूवर त्यातलं मराठीत सांगायला लागली. विशेषतः जोनचं. जोन ही एका हातमोजे शिवणाऱ्याची बायको. तिला अक्षर येत नव्हतं, पण शेजारणीच्या वाचण्यावरून तिने धर्मग्रंथातली सगळी पत्रं आणि प्रवचनं तोंडपाठ केली होती. तिला पकडलं तेव्हा घरात कागदाचा कपटा सापडला नाही. सगळं पुस्तक तिच्या डोक्यात होतं.

कँपमध्ये अध्यायापेक्षा दुसऱ्या बाजूला जास्त गिऱ्हाईक लाभलं. एका कॅसेटच्या चार व्हायला लागल्या. मिहिका डबल डेकवर कॉपी काढायची आणि आपल्या गोल अक्षरात लेबलं लावायची. कँपचा आचारी खैरुद्दीन रत्नागिरीचा, त्याचा या ग्रंथाशी काही संबंध नव्हता, पण कांदा चिरताना तोही जोनबाईची कॅसेट लावायचा.

३

"तुमच्या मागून म्हणते ती कोण, वैनी?" तिसऱ्या शुक्रवारी भिवाने विचारलं. "बरं केलंत तिला बसवलीत. एकदा तुमी म्हणता, एकदा ती म्हणते. लगेच पाठ होतं."

ममताने मिहिकाकडे पाहिलं. मिहिकाने खांदे उडवले. "आय ॲम इन स्कूल, आई. हाऊ कॅन इट बी मी?"

भिवा गेल्यावर ममताने कॅसेट लावली. पहिल्या बाजूवर तिचा एकटीचा आवाज होता. दुसरी बाजू लावली. "जोनला बिशपच्या वाड्यावर नेलं," असं ती म्हणाली आणि थांबली. त्या थांबलेल्या जागेत, लांबून, ओठातल्या ओठात कुणीतरी म्हणालं, "जोनला बिशपच्या वाड्यावर नेलं."

आवाज बाईचा होता. त्याला हेल होता, घाई नव्हती. वाक्य समजून घेऊन नव्हे तर फडताळात काहीतरी नीट लावून ठेवावं तशी ती म्हणत होती.

"सस्ती कॅसेट," राहुल संध्याकाळी म्हणाला. "देरातल्या त्या दुकानाचा माल असलाच. वर-खाली रेकॉर्डिंग उमटतं, एको येतो. त्यात काय?"

ममताला ते पटलं, कारण पटणं सोयीचं होतं. तिने महागाची कॅसेट आणली. पुढच्या मंगळवारी पुन्हा वाचलं, ऐकलं. मागून म्हणणारी होतीच. आणि एको असता तर तो ममतासारखा बोलला असता. वाचताना ममता एके ठिकाणी अडखळली होती, शब्द चुकून पुन्हा म्हटला होता. त्या बाईने चुकीचा शब्द गाळून नुसता बरोबर शब्द म्हटला होता.

४

त्यापुढच्या आठवड्यात बाई मागून म्हणेनाशी झाली. ती बरोबरीने म्हणू लागली. दोन बायकांनी मिळून आरती म्हणावी तसे दोन आवाज एकत्र चालले होते, आणि कुठेही एकमेकांच्या पायात येत नव्हते.

ममता डोकं शाबूत असलेली बाई होती. तिने हिशोब मांडला. भिंतीपलीकडे कुणी राहतं का? पलीकडचा फ्लॅट मार्चपासून रिकामा होता. मग तूच दोनदा वाचतेस आणि विसरतेस का? तिने कॅसेट चालू करून बेडरूमच्या दाराबाहेर उभं राहून पाहिलं, खोलीत हवेचासुद्धा आवाज नव्हता. मग तिने एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुस्तक बंद केलं, त्याच्यावर उशी ठेवली आणि टेपचं लाल बटण दाबून तोंडावर हात ठेवून दहा मिनिटं गप्प बसली. घाम मानेवरून पाठीत उतरला. रस्त्यावर कुठेतरी गाडीचा अलार्म वाजला आणि थांबला. दुसरं काही नव्हतं.

कॅसेट मागे फिरवून लावली. आधी गाडीचा अलार्म आला. मग तो आवाज आला, आता टेपच्या अगदी जवळून, आणि मराठीत सांगू लागला. जोनला थंड खोलीत नऊ दिवस ठेवलं. दहाव्या दिवशी लेखनिकाने विचारलं, तुझ्याबरोबर कोण कोण बसत असे. जोन म्हणाली, एक बुरूड होता. एक आंधळा होता. एक विहिरी खणणारा होता.

ममताने हे पान अजून वाचलेलं नव्हतं. तिने उशी काढली, खूण ठेवलेलं पान उलटलं. इंग्रजीत ओळीने तेच होतं. बुरूड, आंधळा, विहिरी खणणारा.

५

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या आधी राग आला. नावं सांगितली? एवढं सगळं पाठ करून, एवढ्या लोकांनी दार लावून तुझ्यावर भरवसा टाकून, नऊ दिवसांच्या थंडीत तू नावं सांगितलीस? ममता टेपवर ओरडलीच. "गप बस. मेली असतीस तर चाललं असतं."

टेप चालूच होता. बाईने सावकाश अकरा नावं सांगितली. मग म्हणाली की दुसऱ्या दिवशी लेखनिकाने विचारलं, आता तुझ्या घरातलं कोण, ते सांग. ममताने टेप बंद केला. पुस्तकात पाहायचा मोह तिला आवरला नाही. घरातल्या माणसाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, तिची स्वतःची मुलगी.

त्या दिवशी संध्याकाळी मिहिकाने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टू जोन? दे बर्न्ट हर?"

"नाही. सोडून दिलं," ममता म्हणाली. "तिने सगळ्यांना विकलं आणि घरी गेली."

"देन व्हाय आर यू रेकॉर्डिंग हर?"

 ममताने पुस्तक कपाटाच्या वर, सूटकेसच्या मागे ढकललं आणि त्या आठवड्यात कँपला फक्त अध्याय पाठवला.

६

गुरुवारी दुपारी गुणवंत परब आला. पांढरा सफारी, कपाळाला गंध, हातात एक कॅसेट. राहुल अर्धा दिवस करून नुकताच घरी आला होता, तो त्याला बघून उभाच राहिला.

"बसा हो राहुल, फॉर्मॅलिटी नको," गुणवंत म्हणाला. त्याने कॅसेट टीपॉयवर ठेवली. मिहिकाच्या अक्षरातलं लेबल वर होतं. "वहिनी, लास्ट फ्रायडेला काय झालं माहिती आहे? मी बैठकीत वाचतोय. एक ओवी वाचली आणि मागून एक जण बोलला, असं नाही, असं आहे. मी वर बघतो तर बोलणारा गप. पुन्हा वाचायला लागलो तर आता दहा-बारा जण बोलायला लागले, एकदम, खाली माना घालून. साठ माणसं. कोण बोललं, कोण नाही, काय कळणार?"

"बरोबर बोलले ना ते?" ममताने विचारलं.

"बरोबर-चूक माझं मी बघतो. डिसिप्लिनचा प्रश्न आहे. आज ग्रंथात बोलतात, उद्या साइटवर बोलतील. मला कॅसेटवाल्यांची नावं पाहिजेत. कोण घेऊन जातं, कोण ऐकवतं. तेवढ्यांचा व्हिसा कॅन्सल, खलास. बाकीच्यांना काही करणार नाही."

"आणि मी नाही सांगितली तर?"

गुणवंतने राहुलकडे बघितलं. राहुलने जमिनीकडे. राहुलचा पासपोर्टही कंपनीच्याच कपाटात होता, आणि त्याच्या व्हिसावर ममता आणि मिहिकाचा व्हिसा होता. मिहिका नववीत होती.

"सॅटर्डेपर्यंत विचार करा," गुणवंत म्हणाला. मग कॅसेट उचलून लेबलावर बोट फिरवलं. "हे अक्षर कुणाचं हो? चांगलं वळण आहे. हे पण कळलं पाहिजे. ज्याने कॉपी काढल्या तो असली माणूस."

७

तो गेल्यावर राहुल आणि ममताचं जे झालं त्याला भांडण म्हणणं कमीच. "कोण लागतात ते तुझे?" राहुल म्हणाला. "भिवा तुझा काका आहे? त्यांची नावं दे आणि मिहिकाला वाचव. ते गावी जातील. आपण कुठे जाणार?"

"भिवाला चार मुलींची लग्नं करायचीत म्हणून तो उन्हात भिंती बांधतो. त्याचा आजोबा खरा होता हे त्याला कळलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्यासाठी त्याला हाकलायचं, आणि ते माझ्या तोंडून?"

"तुझ्या रागाने आपलं घर बुडणार."

"बुडू दे. मी नावं सांगणार नाही."

हे ती ठामपणे म्हणाली आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं. शुक्रवारी सकाळी माणसं आली तेव्हा तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. भिवाला जिन्यात गाठून सांगितलं, "कॅसेटी फेकून द्या सगळ्या. तुमच्या खोलीतल्या विघ्नेशला सांगा, कॅसेट नेणाऱ्या सोळाही जणांना सांगा. मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका."

"तुमी नाय बोलणार ते ठाव हाय वैनी," भिवा म्हणाला. "पाठ झालंय समदं. कॅशेट गेली तरी काय जात नाय."

मग तिने घरातल्या कॅसेटी गोळा केल्या आणि एकेकीची फीत बाहेर ओढली. तपकिरी फितीचा ढीग मोरीत जमला. ते करता करता डोकं भणभणायला लागलं, म्हणून तिने एक गोळी घेतली आणि दुपारी आडवी झाली. राहुल मिहिकाला घेऊन क्लासला गेला होता. एसी लावून ती झोपली, ती संध्याकाळी पाचला उठली.

उठली तेव्हा एसी बंद होता. खोली तापली होती. दाराच्या फटीत टॉवेल सारलेला होता. ममताने पाणी मागायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. घसा बसला होता, एक अख्खी बाजू वाचल्यावर बसायचा तसा. थंडी वाजली असेल, झोपेत एसी मीच बंद केला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. टॉवेलबद्दल तिने स्वतःला काही सांगितलं नाही. फोन पलंगावर, उशीपाशी होता. त्याची लांब वायर हॉलमधून दाराखालून, टॉवेलखालून आत आली होती.

तिने तो उचलून कानाला लावला. डायल टोन होता. लोकल कॉल फुकट, त्याची नोंद बिलावरही येत नसे.

८

शनिवारी चार वाजता गुणवंत आला. ममता दारात आडवी उभी राहिली. दुपारभर तिने वाक्य तयार ठेवलं होतं आणि ते तिने म्हटलं.

"मला कुणाचंच नाव माहिती नाही. करायचं ते करा."

गुणवंत हसला. त्याच्या हातात मिठाईचा बॉक्स होता. "आता कशाला वहिनी? मी थँक्यू म्हणायला आलोय. तुम्ही काल फोन केलात ते फार बरं केलंत. तासभर बोललात. मला लिहून घेताना हात दुखला."

"मी फोन केला नाही."

"वहिनी, तुमचा आवाज मला कळत नाही? जरा हळू बोलत होतात, बाजूला कुणी झोपलं असेल म्हणून. पण काय मेमरी हो. नाव, गाव, कुठल्या खोलीत, कुठल्या बंकवर. सोळाच्या सोळा. सकाळी कागद केले, साडेबाराला बस एअरपोर्टला गेली." त्याने बॉक्स पुढे केला. ममताने हात पुढे केला नाही, तेव्हा त्याने तो चपलांच्या रॅकवर ठेवला. "राहुलचं टेन्शन घेऊ नका. फक्त ते लेबलवाल्याचं राहिलं. ते नाव उद्या सांगते म्हणालात. इन्शाल्ला उद्या फोन करा, म्हणजे फाइल क्लोज."

ममताने दार त्याच्या तोंडावर आपटलं. मग दाराला पाठ लावून उभी राहिली आणि स्वतःला शिव्या द्यायला लागली. तुला झोपेत काय झालं? गोळी कसली होती? आणि जर तू बोलली नाहीस, तर ती बोलली का? मग ती तुझ्या आवाजात का बोलली? तिचं डोकं चालेना. पण पाय चालत होते. तिने चपला घातल्या आणि जिना उतरली.

९

जुलैतलं साडेचारचं ऊन. कँपच्या फाटकापाशी वॉचमन नव्हता. आत लांबलचक बैठ्या खोल्या, दोऱ्यांवर वाळत टाकलेले निळे बॉयलर सूट. ड्यूटीवरून अजून कुणी परतलं नव्हतं. भिवाच्या खोलीचं दार उघडं होतं. आठांपैकी पाच बंकवरच्या गाद्या गुंडाळलेल्या होत्या. खाली फरशीवर एक टेप पडला होता, त्याचं झाकण उघडं.

मेसमधून खैरुद्दीन बाहेर आला. तिला बघून तो थांबला. नेहमी सलाम करायचा, आज केला नाही.

"आता काय राहिलं?" त्याने विचारलं.

"खैरुद्दीनभाई, मी नाही सांगितलं कुणाला. अल्लाशपथ म्हणा, देवाशपथ म्हणा. मला आत्ता कळलं."

"वैनी, खोटं कशाला बोलता?" तो रागावलेला नव्हता. थकलेला होता. "दुपारी बस लागली तेव्हा तुमी हितंच होता ना. त्या फाटकापाशी. भिवाने तुमाला हाक मारली. दोनदा मारली. तुमी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाय."

"साडेबाराला मी घरी होते. भाजी चिरत होते."

"एकेक माणूस बसमध्ये चढत होता आनि तुमी एकेकाचं नाव घेत होता. तोंडातल्या तोंडात. मी जवळच उभा होतो, मला ऐकू आलं. भिवा धाकलू, तेरा नंबर, वरचा बंक. विघ्नेश, तेरा नंबर, खालचा बंक. सोळा झाले तशा गेलात." त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "बारा वर्सं मी त्यांना जेवण घातलं. माज्या तोंडून एक नाव निघालं नसतं."

ममताला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. खरं काय ते या माणसाला कसं सांगायचं? तिने मान खाली घातली. खैरुद्दीन मेसकडे वळला, दोन पावलं गेला आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "तुमच्यासोबत आली ती बाई उन्हात कशाला उभी? तिला सावलीला बोलवा."

"माझ्यासोबत कोणी आलं नाही."

खैरुद्दीन आत गेला आणि त्याने जाळीचं दार लावून घेतलं.

ममता वळली. फाटकाच्या खांबापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. अंगात काहीतरी जाड, लोकरीसारखं होतं, या उन्हात. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. तिचे खांदे हलके मागेपुढे होत होते.

ममता तिच्याकडे चालत गेली. पळून जायचं तिच्या मनातही आलं नाही. त्या बाईला खांद्याला धरून फिरवायचं, तोंड बघायचं आणि विचारायचं, का, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. दहा पावलांवर तिला पुटपुटणं ऐकू आलं. तोच हेल, तीच बिनघाईची पट्टी. सोळा नावं चालली होती, खोलीच्या नंबरासकट. ममता आणखी जवळ गेली. सोळावं नाव झालं. बाईने श्वास घेतला.

"मिहिका राहुल दळवी," ती म्हणाली आणि थांबली.

ममताने दात आवळले. तोंडावर हात दाबला, त्यावर दुसरा हातही दाबला.

बाई वळली नाही. अक्षर न येणाऱ्या माणसाला शिकवताना घाई करून चालत नाही, तेवढ्याच सबुरीने तिने नाव पुन्हा म्हटलं आणि मागून म्हणायला जागा ठेवली. तळहातांखाली ममताचे ओठ हलायला लागले होते.